पीळ

त्रुचासच्या खाली, कब्रस्तानाच्या वळणावर
डेल्फिनो आर्चुलेटाचा पिकअप, एकावन्न सालचा,
असा कलायचा
की उजव्या खिडकीत रस्ता यायचा
आणि डाव्या खिडकीत नुसतं आभाळ.
मागे पिन्यॉनची ओली लाकडं,
माझ्या मांडीवर जर्दाळूंची पेटी.
"घाबरू नकोस, ओनेसिमो," तो म्हणायचा,
"पडायचा असता तर तुझा बाप हाकायचा
तेव्हाच पडला असता."

या वयाच्या गाडीसाठी दांडी मिळत नाही.
म्हणजे मिळते,
पण तेवढ्या पैशात अख्ख्या हिवाळ्याचं सरपण येतं.

म्हणून एस्पान्योला. ओफेलियाचं भंगार.
ओफेलिया म्हणजे त्याची बायको, पूर्वीची.
कागदावर अजूनही असेल, कोणी विचारलं नाही.
चष्म्यावरून बघत तिने बोट केलं,
"तिसरी ओळ, पांढरी सेडान, नाकावर आपटलेली.
दांडी शाबूत आहे, मी बघितलीय.
मोजून आलायस, की नेहमीसारखा अंदाजाने?"

तो अंदाजाने आला होता.
तिने स्वतःची टेप दिली.

"ही करते काय पण?" मी विचारलं.
तो उकिडवा बसला, वाळूत दोन चाकं काढली,
मध्ये एक काटकी आडवी धरली.
दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली, तर काही नाही.
ही नुसती फिरते, झोपेत कूस बदलावी तशी.
एकच चाक वर उचललं गेलं
की हिला पीळ पडतो,
आणि पीळ पडला की ही दुसऱ्यालाही ओढते,
चल, तूही ये.

पहिली दांडी आम्ही वाया घालवली.
टोक चार बोटं लांब होतं, त्याने गॅसची ज्योत लावली.
पोलाद गवतासारखं पिवळं झालं, मग जांभळं, मग निळं,
शेवटी लालभडक,
आणि मेणासारखं वळलं. स्वारी खूश.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
पोलादाचं उलटं.
जळलं तिथला पीळ गेला.
दुसऱ्या दिवशी वळणावर दांडी वाकली
आणि वाकलेलीच राहिली.

परत भंगार.
ओफेलिया हसली नाही, ते त्याला जास्त लागलं.
दुसरी एका व्हॅनची. ती थंडच वाकवली,
तिच्या वीस टनी प्रेसखाली,
ती दांडा दाबतेय, तो एक डोळा मिटून कोन बघतोय,
सगळी दुपार त्यांचं बोलणं एवढंच:
थोडं.
अजून.
बस.

बुशसाठी रबर मडफ्लॅपमधून कापलं.
जोडायला दोन लांब बोल्ट,
त्यांवर पाण्याच्या नळाचे तुकडे,
वॉशर आठ. एक हरवला, तो माझ्या बुटात निघाला.
गाडी जॅकवर असतानाच त्याने पाना लावला
तर ती ओरडली,
"आधी चाकांवर उतरव!
लटकती असताना आवळलंस तर जन्मभर अवघडून राहील."
"हे तुला कोणी शिकवलं?"
"एकवीस वर्षं कोणाबरोबर काढली?"
तो गाडीखाली होता.
मला त्याचे फक्त बूट दिसले, ते हलले नाहीत.

संध्याकाळी तिघं एका बाकावर,
मी मध्ये, पेटी मांडीवर,
गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागतोय.
कब्रस्तानाचं वळण आलं.
गाडी कलली. कलणारच.
पण ओळखीच्या माणसाला मान तुकवावी इतकीच,
आणि परत सरळ झाली.
तीन जर्दाळू पायाशी घरंगळले.
पूर्वी निम्मी पेटी जायची.

"डावा बोल्ट वाजतोय," ओफेलिया म्हणाली.
"ऐकतोय," तो म्हणाला.

मग तिला सोडायला खाली एस्पान्योलापर्यंत.
शेवटचे सहा मैल सरळ रस्ता,
दोन्ही चाकं सारखी,
आणि मी कान देऊन बसलो होतो,
दांडीला काहीच काम नव्हतं.