वर्ग, सायंकाळी सहा ते साडेसात

लहान मुलांच्या बाकांवर बसतो आम्ही, गुडघे बाहेर काढून.
डहाणूकर कॉलनीमागची मनपाची शाळा,
भिंतीवर तेराचा पाढा, फळ्यापाशी बेहेरे बाई,
वय तेवीस. म्हणाल्या, 'व्याकरण नको, नुसतं बोला.'
मी जन्मभर खडकीच्या कारखान्यात लेथवर.
उजव्या कानानं ऐकू येत नाही.
हिनंच नाव घातलं दोघांचं, मला न विचारता.

पहिल्याच दिवशी बाईंनी 'त्वम्' बाजूला ठेवलं.
सोपं पडतं म्हणाल्या, सगळ्यांना भवान्, भवती.
म्हणजे जिला एकतीस वर्षं 'अगं ए',
तिला घरी येऊन विचारलं,
'भवती चायम् इच्छति वा?'
ती गॅसपाशी थांबली.
आता चहा मीच करायचा, हे त्या वाक्यातच होतं.
मला उशिरा कळलं.

मग चाळाच लागला.
बेल वाजली की 'कः?'
लिफ्टमध्ये 'उपरि'.
सिलिंडरवाल्याला म्हटलं, 'अनिलकोषः?'
तो म्हणाला, 'अनिल गावी गेलाय काका, मी त्याचा भाऊ.'
सरूबाईनं कोथिंबीर पुढे केली, मी म्हटलं, 'मास्तु.'
'मस्तच आहे,' म्हणून तिनं दोन जुड्या टाकल्या पिशवीत.
आठवडाभर वड्या.

आणि न ठरवता एक झालं.
भांडण होईना.
टोमण्याला शब्द लागतात.
पुण्यात ते दुधाबरोबर पाजतात,
पण संस्कृतात आमच्याकडे जेमतेम ऐंशी:
जलम्, शर्करा, उपनेत्रम्, कुञ्चिका कुत्र,
किञ्चित्, पर्याप्तम्, चिन्ता मास्तु.
एवढ्यात कुणाचं काही काढता येत नाही.
शिवाय सगळा वर्तमानकाळ.
'तेव्हा तुम्ही' असं वाक्य सुरूच होत नाही.

सातव्या दिवशी बाईंनी भूतकाळ आणला.
गतवान्, गतवती.
'एकेकानं सांगा, काय काय केलंत.'
जोगांनी चित्रपट पाहिला.
खिडकीशेजारच्या मुलीनं आंबा खाल्ला.
ही उभी राहिली, पदर सारखा केला.

'माता प्रतीक्षां कृतवती.
पतिः "श्वः" इति उक्तवान्.
अहं न गतवती.'

'उत्तमम्!' बाई म्हणाल्या,
'तिन्ही वाक्यं शुद्ध.'
वर्गानं टाळ्या वाजवल्या.
मीही. सवयीनं, दोनदा.

बार्शी. अठ्ठ्याण्णवचा फेब्रुवारी.
ओव्हरटाइम होता, उद्या जाऊ म्हणालो होतो.
तीन दिवस उद्या.
मराठीत हिनं हे कधीच काढलं नाही.
मराठीत आम्ही नळावरून भांडलो, पंख्याच्या वेगावरून,
माझ्या भावाच्या लग्नातल्या एका पातेल्यावरून.

घरी चालत आलो, पौड रोडच्या कडेनं.
ती माझ्या उजव्या बाजूला, बंद कानाकडे.
बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तर म्हणायचा
एक शब्द शिकवला होता, क्षम्यताम्.
माझ्याकडे तेवढाच होता. तो म्हटला, सिग्नलला.
डोक्यावरून मेट्रो गेली.
तिला ऐकू गेला का, माहीत नाही.
हिरवा लागला, आम्ही रस्ता ओलांडला.

रात्री माळ्यावरून मुलाचं नववीचं पुस्तक काढलं.
भविष्यकाळ बाई परवा घेणार होत्या.
मी आधीच पाठ केला, बाथरूमचा नळ सोडून.

सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणालो,
'आवां बार्शीं गमिष्यामः.'
त्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे,
हे दोघांनाही ठाऊक.

तिनं साखरेचा डबा बंद केला.
'गमिष्यावः,' म्हणाली.
'बाईंनी द्विवचन गाळलंय, पण असतं.
मः म्हणजे तिघं तरी लागतात.'

मग थोड्या वेळानं, मराठीत,
'स्वारगेटहून सव्वासहाची गाडी असायची.
अजून आहे का, विचारून या.'