सेटिंगचा वेळ

औषधाच्या पत्रकावरून लग्नाच्या पत्रिकेवर यायला
आमच्या फोल्डिंग मशीनला पन्नास मिनिटं लागायची.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, वरचा मजला.
कागदाचं माप बदललं की दोन्ही प्लेटांचे स्टॉपर सैल करायचे,
एकेकाला दोन-दोन बोल्ट,
ॲलन की नेहमी दुसऱ्याच्या खिशात.
मग पट्टीने मोज, आवळ,
पंचवीस कागद रद्दीत घाल,
घडी तिरकी. पुन्हा सैल. पुन्हा आवळ.
मालक केबिनच्या काचेतून घड्याळाकडे बघायचे,
आमच्याकडे नाही.
तेवढी सभ्यता.

मला म्हणाले, पालशेतकर, फिटर ना तुम्ही,
हे कमी करा.

मी कमी केलं.
बोल्ट काढून खटके बसवले, अंगठ्याने दाबले की घट्ट.
कळव्याच्या लेथवाल्याकडून पितळेचे ठोकळे कापून आणले,
प्रत्येक मापाला एक, पाठीवर नंबर ठोकलेला:
प्लेटीत सरकवा, स्टॉपर टेकवा, सुटलात.
फीडरच्या गाईडांना मिळून एकच चाक दिलं,
फिरवलं की दोन्ही बाजू सारख्या आत येतात,
नमस्काराला हात जुळावेत तशा.
अकरा मिनिटं.
वहीत लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली.

मशीनवर मोकलबाई असतात.
मशीन यायच्या आधी त्या हातानेच घड्या घालायच्या,
गुडघ्यावर पुठ्ठा, मुठीत हाडाची पट्टी,
कुठलाही कागद येवो,
हाताला कधी सेटिंग लागलं नाही.
त्यांनी ठोकळा तळव्यावर तोलून बघितला,
छान जड आहे म्हणाल्या,
आणि दुसऱ्या दिवशी पर्समधून नेलपॉलिश काढलं.
लाल, औषधाचं.
मोरपंखी, उत्तरपत्रिकांचं.
चंदेरी, पत्रिकांचं. (ही बाटली भाचीच्या हळदीतली, तळाला आटलेली.)
प्लेटीच्या कडेवर तीन बारीक रेघा,
फुंकर मारून वाळवलेल्या.
"ठोकळा हरवतो, पालशेतकर. रेघ कुठे जाणार आहे?"

सहा मिनिटं.

मला जरा लागलं. खोटं कशाला बोलू.

श्रावणात कागद ओल धरतो.
खाडीवरची हवा खिडकीतून येऊन रिमांवर बसते
आणि कागद केसभर लांबतो.
पितळाला हे कळत नाही.
बाई स्टॉपर रेघेपाशी आणतात
आणि दुसरीकडेच बघत अंगठ्याने किंचित ढकलतात.
किती? मी विचारलं. मला आकडा हवा होता,
चाकावर कोरायला.
त्यांनी एक कागद उचलून कानाशी हलवला.
"खडखडत नाही बघा. झोपलाय.
आज इतकं."

दिवसाला चार-पाच वेळा माप बदलतं.
पन्नासातून सहा गेले, हे मालकांनीही मांडून बघितलं,
आणि त्या मोकळ्या जागेत बामच्या डबीचं पत्रक आणून बसवलं,
तळहाताएवढं, आठ घड्या.
त्या पन्नासात आधी काय असायचं
ते कुणाच्याच वहीत नव्हतं:
तबस्सुमच्या मुलाची भूमिती,
रेवणच्या सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन,
बाईंनी टेबलाखाली निवडलेली मेथी.
आता मेथी तशीच घरी जाते.
रेवणच्या सासऱ्याचा दुसरा डोळा झाला का,
मला माहीत नाही.

काल तेल द्यायला वाकलो
तर चंदेरीच्या शेजारी चौथी रेघ दिसली. गुलाबी.
ताजी, अजून वास येत होता.
मापं डोक्यात जुळवून पाहिली, एकही बसेना.
ही कुठल्या कागदाची हो?

बाई रीम झटकत होत्या.
"कुठल्याच नाही," म्हणाल्या.
"इथे लावलं की घडी तिरकी येते.
मग नीट बसवायला पंधरा-वीस मिनिटं तरी जातातच."

केबिनची काच मागेच होती.
मी वही काढली नाही.
कान पुसल्यासारखं करून विचारलं,
चहा किती जणांचा सांगू?