थेंब

शाल होती, श्रीफळ होतं, समोसे थोडे गार होते.
डीनसाहेब आले, चार वाक्यं बोलले,
त्यात तांडेल मॅडमचं नाव दोनदा चुकलं.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
ज्या बाईने परळच्या या रक्तपेढीत एकतीस वर्षं
लेबलावरची वेलांटीसुद्धा चुकू दिली नाही,
ती मान खाली घालून
समोशातली मिरची बाजूला काढत होती.

"घाई असेल तर दोनदा वाच."
माझी पहिली रात्रपाळी.
कॅज्युअल्टीत माणूस चाललेला,
नातेवाईक काचेवर मुठी आपटत होते,
आणि या मला म्हणत होत्या,
परत वाच. मोठ्याने.

बोलायची पाळी आली तेव्हा त्या उठल्या, पदर खोचला.
"भाषण नको. माझा थेंब बघा."

दर वर्षी गणपतीच्या शिबिरात
आधी स्वतःचं बोट टोचून घ्यायच्या,
दर वर्षी थेंब निळ्या पाण्यावर तरंगायचा.
"परत पाठवा या बाईला," असं स्वतःलाच म्हणून
रजिस्टर उघडून बसायच्या.
कोळीवाड्यातून आम्हा सगळ्यांना पुरेल एवढी
तळलेली मांदेली आणणाऱ्या बाईचंच रक्त कमी.

सुई मी टोचली. बोट गार होतं.
द्वारकामावशी किटली धरून थांबल्या,
शिबिराची गाडी चालवणारे मुस्तफाभाई
चष्मा कपाळावर सारून वाकले,
कुणासाठी न थांबणारा सोळंकी
दारात बादली ठेवून उभा राहिला.
थेंब पडला.
निरोप घेऊनही उंबऱ्यात बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा
क्षणभर वरच राहिला,
मग सरळ तळाला गेला.

"चार महिने बीट खातेय," मॅडम म्हणाल्या,
"शी."
कुणीतरी टाळी वाजवली,
त्यांनी डोळे वटारले. पलीकडे पेशंट आहेत.

साडेतीनशे मिली. बी निगेटिव्ह.
पिशवीवर नाव नसतं, नुसता नंबर.
फ्रिजमध्ये रक्त पस्तीस दिवस टिकतं.
आज एकतीस मे.
म्हणजे पाच जुलैपर्यंत मॅडम इथेच,
मी मनातल्या मनात हिशेब केला
आणि चावी नेहमीच्या खिळ्याला लावली.

दुसऱ्याच रात्री, अकराच्या सुमाराला,
नऊ नंबर वॉर्डात एक बाळंतीण.
त्या गटाची एवढी एकच पिशवी.
खिडकीतून हात आत आला.
मी नंबर वाचला.
घाई होती.
परत वाचला. मोठ्याने.