फ्लॅश: पेटला नाही

कॅमेरा मी इनास फुर्तादोकडून घेतला,
अकरा हजारांना, घासाघीस न करता,
कारण तो घाईत होता आणि मला घासाघीस जमत नाही.
पट्टा त्याच्या मानेच्या घामाने काळा पडलेला.
आठवड्याने तो स्विंडनला गेला,
दिवाडीतली तरणी माणसं जातात तसा,
आणि कार्ड आतच विसरला.
तीनशे बारा फोटो.

फोन केला तर म्हणाला,
दवर गो, शिकूंक जातले.

मी वीज खात्यात मीटर वाचते.
कुणाच्या घरात किती उजेड जळला
हे मला दाराबाहेरूनच कळतं, कुत्र्याला हड् म्हणता म्हणता.
त्यामुळे फोटोची 'माहिती' उघडली
आणि खाली आकड्यांचे रकाने दिसले, तेव्हा
परक्या गावात आपल्या वाड्यावरचं माणूस भेटावं तसं झालं.
शटर १/५००. एफ ८. आयएसओ २००. ३५ एमएम.
नार्वेचा धक्का, फेरीबोट, पोदेराची सायकल,
टोपलीवरचं निळं प्लास्टिक वाऱ्याने फुगून तिथंच थिजलेलं.
फक्त एफची गोष्ट उलटी निघाली:
अंक लहान, तेवढं भोक मोठं.
मीटर असं चालतं तर लोकांनी मला ओवाळलं असतं.

रविवारी तेच आकडे घालून
त्याच धक्क्यावर उभी राहिले. तीच फेरी आली.
फोटो आला: डांबर.
पंधरा वेळा डांबर.
संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते,
आणि ऊन कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

मग हळूहळू वाचता येऊ लागलं.
सगळीकडे ३५ एमएम. झूम नाही, कधीच नाही.
म्हणजे मानशीवर जाळं ओढणाऱ्या माणसाच्या
दाढीचे खुंट मोजता येतात ते
हा स्वतः गुडघाभर चिखलात उतरला म्हणून.
फायलींचे नंबर: १९४०, मग एकदम १९५८.
मधले सतरा त्याने पुसले.
माझ्या पंधरा डांबरांना त्या रात्री जरा बरं वाटलं.

एक फोटो मात्र मी अजून वाचतेच आहे.
बलकांवातल्या खुर्चीत झोपलेली त्याची आई,
चष्मा कपाळावर, मांडीवर
अर्ध्या सोललेल्या चिंचांचं सूप.
शटर १/१५. एफ २. आयएसओ ३२००.
फ्लॅश: पेटला नाही.
एवढ्या संथ शटरला माझा हात हलतो, कुणाचाही हलेल.
इथं सुपाची काडी न् काडी स्पष्ट.
श्वास रोखून धरला असणार.
त्याला रकाना नाही.
पेटला नाही, एवढंच यंत्र सांगतं, कोरडेपणाने,
आम्ही वहीत 'दार बंद' लिहितो तसं.

शेवटच्या वीस फोटोंत एक घोळ होता.
ऊन डोक्यावर, सावल्या पायाखाली,
आणि वेळ म्हणे सकाळचे आठ.
मला वाटलं, घड्याळ बिघडलेलं गळ्यात मारलं.
मग बोटांवर मोजलं: साडेचार तास मागे.
तिकडची उन्हाळ्यातली वेळ.
इथंच उभा राहून, फेरीची वाट बघताना किंवा अशीच केव्हातरी,
बटणं दाबून त्याने ती लावून ठेवली होती.
आईचा फोटो त्या विसांतला.

मी घड्याळ बदललेलं नाही.
काल पिएदादच्या चढावरचं शेवटचं घर,
मीटरच्या पेटीची काच कधीची फुटलेली,
आत बुलबुलाने घरटं केलंय.
आकड्यांवरच बसली होती ती, अंडी पोटाखाली घेऊन,
माझ्याकडे एका डोळ्याने बघत.
एक पाऊल पुढे गेले. मग आणखी एक.
१/६०. एफ २. आयएसओ १६००.
संध्याकाळचे पावणेसात; कॅमेरा म्हणतो दुपारचे सव्वादोन.
थोडा हललाय. पण चोच आली आहे,
आणि चोचीमागे शेवटचे दोन आकडे, वाचता न येणारे.

रीडिंग घ्यायचं तर तिला उठवावं लागलं असतं.
वहीत लिहिलं: दार बंद.