गव्हाणीत हात

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी
शहरातून आलेला तक्ता मी भिंतीला टाचला.
चर्च आमचं अंबडच्या पुढं, दोन खणांचं,
वर पत्रे, मागच्या खिडकीत कापसाचं रान.
तक्त्यावर मरिया, योसेफ, बाळ,
आणि सगळीकडं पांढरं, पांढरं.

"बाई, बेथलेहेमात कापूस लई पिकायचा का?"
अहरोननं विचारलं.
त्याची माय काल दिवस बुडेपर्यंत वेचणीला होती,
त्याच्या स्वेटरला अजून पऱ्हाटीची काडी.
मी म्हटलं, बर्फ आहे तो.
"गारेगारवाल्याचा?"
मी तक्ता काढला. गुंडाळला. कपाटामागं उभा केला.

सतरा वर्षं झाली मला हे शिकवता शिकवता.
आधी नुसतं पाठांतर घ्यायचे,
जो वचन न अडखळता म्हणेल त्याला लेमनची गोळी.
गोळ्या संपायच्या, वचनंही संपायची.
एकदा विचारलं, येशू आला तो आपल्या तारणासाठी;
तर तारण म्हणजे काय?
योनाथान पटकन उठला:
"आमच्या मायचे झुंबर सोनाराकडं तारण आहेत."
मोठी पोरं हसली. मीही हसले.
रात्री भांडी घासताना हात थांबला.
पोरगं फार चुकलं नव्हतं.
अडकलेलं कुणीतरी जाऊन सोडवून आणावं लागतं,
आणि किंमत भरावी लागते पुरती.

तर या वर्षी तक्ता नाही.
चौदा पोरं, दोन-दोनच्या रांगेत,
भानुदासभाऊंच्या गोठ्यात नेली.
भाऊ दारातच गडबडले.
"देवाचा पाठ अन् गोठ्यात? थांबा बाई,
शेण तर उचलू द्या."
म्हटलं, राहू द्या भाऊ.
तेव्हाही कुणी उचललं नव्हतं.

आत अंधार, ऊब, मुताचा वास.
शिल्पानं नाकाला रुमाल लावला,
मग कुणीच लावला नाही म्हणून काढला.
मी सांगत गेले: रात्र होती,
उतरायला जागा नव्हती,
बाईचे दिवस भरले होते.
हे त्यांना समजावावं लागलं नाही.
एस्तेर म्हणाली, "माझा भाऊ टेम्पोत झाला, जालन्याच्या अलीकडं."
बरं, म्हटलं. म्हणजे तुला ठाऊक आहे.

मग एकेकानं गव्हाणीत हात घातला.
लाकूड खडबडीत असेल असं वाटलं होतं मला,
पण किती गुळगुळीत!
किती वर्षं किती जिभा फिरल्या असतील त्यावरून.
तळाला कडब्याचा चुरा, सरकीची टरफलं.
"त्याला टोचलं असंल," अहरोन म्हणाला.
हो. टोचलं असेल.
देवाला टोचतं, हे शिकवायला
मला एरवी तीन रविवार लागले असते.

सगळ्यात शेवटी सुवार्ता. साडेचार वर्षांची.
हात पोचेना, म्हणून कडेवर घेतली.
तिनं चुरा उचलला, हुंगला,
आणि माझ्याकडं बघत म्हणाली,
"पण बाई, इथं तर खायचं ठेवतात."

गोठ्यात म्हशीच्या साखळीचा तेवढा आवाज.
माझ्याकडं उत्तरं होती, वहीत लिहिलेली,
मेंढपाळांची, ताऱ्याची, तीन भेटींची.
या एकाचं नव्हतं.
प्रभुभोजनाच्या रविवारी
भाकरीचं ताट हिच्या डोक्यावरून पुढं जातं,
ती मान वर करून बघते,
तिला अजून मिळत नाही.

मी म्हटलं, हो बाळा. इथं खायचंच ठेवतात.
पुढं काही बोलले नाही.

"झालं असंल तर सरका," भानुदासभाऊ म्हणाले,
कडब्याची पेंढी काखेत,
"हिला कवाची भूक लागलीय."
आम्ही सरकलो.
पोरं बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली,
सुवार्ता तेवढी दाराशी थांबली,
म्हैस खाताना बघत.