हजेरी

माझं माहेरचं आडनाव झोपे.
हसून घ्या आधी, मी थांबते.
मला हसायचं तर बसावं लागतं,
ते पुढे येईल.

फैजपूरची शाळा, आठवी ब.
चौधरी, जावळे, झोपे...
बाई नाव घेऊन वर बघायच्या
आणि अख्खा वर्ग ओरडायचा, झोपली!
झोपलेलीच असायची मी.
भूगोलाच्या तासाला, तापीच्या उपनद्या लिहिताना,
पूर्णा संपून गिरणा सुरू होताना.
ती वही अजून आहे.
गिरणेची वेलांटी काढलीय, ग यायचाय,
आणि तिथून पेन घसरत गेलंय
समास ओलांडून, पानाच्या कडेपर्यंत.
त्या रेघेत मी कुठे होते
हे कोणी विचारलं नाही.
रेघ सरळ का नाही, एवढंच विचारलं.

आई म्हणे, रक्त कमी आहे.
काकू म्हणे, काम कमी आहे.
बामणोदला मामाकडे निघायची
आणि भुसावळच्या स्टँडवर जागी व्हायची,
कंडक्टर खांदा हलवत,
'काबरं व पोरी, रात्री चोऱ्या करते का?'

रात्री तर झोपच नव्हती धड.
डोळे उघडे, अंग मात्र परक्याचं,
आणि पायथ्याशी कोणीतरी उभं,
केळीच्या पानासारखे लांब हात,
हलायचं नाही, बोलायचं नाही.
हे मी कोणाला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर मांत्रिक आला असता.

मग ती भरीत पार्टी.
पौषातली थंडी, मामाचं शेत,
पळखाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती
आणि मी बडगीत मिरच्या ठेचत होते.
मामांनी त्यांच्या साडूची गोष्ट सांगितली.
मला हसू फुटलं, आणि गुडघे गेले.
आधी गुडघे, मग मान, मग जबडा.
बडगी एकीकडे, मी सरीत.
'कांदा फोडा!' 'अंगात आलं!' 'चप्पल हुंगवा!'
मी जागी होते हो.
इतकी जागी, की चप्पल कोणाची
ते वासावरून सांगू शकले असते.

झोपेची भिरूड झाले तरी झोप नाही बदलली.
चौतिसाव्या वर्षी उमाकांत नाशिकला घेऊन गेले.
डोक्याला वायरी चिकटवून रात्रभर निजवलं,
दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पुन्हा:
झोपा. उठा. झोपा.
पाचही पेपर मी पहिल्या काही मिनिटांत सोडवले.
आयुष्यात पहिल्यांदा झोपून पास.

डॉक्टरीणबाई रावेरकडच्या निघाल्या.
म्हणाल्या, केळीला घड लागला की बांबूचा टेकू देता ना?
मेंदूतही असा टेकू असतो, जागेपणाला उभं धरणारा.
तुमचा कोणीतरी काढून नेलाय.
झाड चांगलं आहे, मुळं चांगली आहेत,
वारा आला की आडवं होतं, एवढंच.
हसू हासुद्धा वाराच.
नार्कोलेप्सी, त्यांनी कागदावर लिहून दिलं.
मी तो शब्द एसटीत बसून
मामाचं गाव येईपर्यंत पाठ केला,
आणि गाव मागे पडलं.

टेकू परत उगवत नाही.
गोळ्या आहेत, सकाळी आणि दुपारी.
केळीच्या काट्यावर मी पावत्या लिहिते,
दीड वाजला की बारदानावर वीस मिनिटं आडवी होते,
तेवढा वेळ सलीमभाई ट्रकचा हॉर्न वाजवत नाही.
कधी एखाद्या पावतीवर
क्विंटलच्या आकड्यानंतर ती जुनी रेघ निघतेच.
मी ती फाडून दुसरी लिहिते.
सगळ्या नाही फाडत.

आणि उमाकांत,
ज्यांना जन्मात एक विनोद धड सांगता आला नाही,
आता बाहेरून येतात तेच हसू दाबत,
चपला दारातच,
आणि आधी विचारतात,
'बसली आहेस ना?'

मी चहाचा कप खाली ठेवते.
पाठ भिंतीला लावते.
हं, म्हणते, आहे.
सांगा.