अकरा फूट

वरून पत्र आलं: करार झाला आहे,
सहकार्य करावे.
खाली गोल शिक्का, आणि सही,
जी आमच्या ऑफिसात कुणालाच वाचता आली नाही.

मंगळवारी स्रवंती येमूल आली, कंपनीची,
पाठीवर लॅपटॉप, चपलांवर अक्कलकोट रोडची धूळ.
मी रेकॉर्डरूम उघडली.
किल्ली दोनदा फिरवावी लागते, मध्ये जरा उचलून.
हे पत्रात नव्हतं.

कापडी नकाशे, कडा खाल्लेल्या.
टिपणं, फाळण्या, शाईची एक विहीर,
तिच्या काठावर मोडीत कुणाचं तरी नाव.
बाळाला अंघोळ घालतात तसा
एक हात मानेखाली धरून
ती एकेक स्कॅन करत गेली.

"आता तुझं दाखव," मी म्हणालो.
तिनं आकाशातून काढलेलं सोलापूर उघडलं.
गिरण्यांचे पत्रे, तलावाचं हिरवट पाणी,
विडी घरकुलाच्या एकसारख्या ओळी,
सगळं लख्ख,
आणि एकाही दारावर नाव नाही.
नावं आमच्या दप्तरात.
गेल्या उन्हाळ्यात ॲम्ब्युलन्स
त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी वीस मिनिटं फिरली,
बी ग्रुप की सी ग्रुप विचारत.
नरसव्वाबाईंकडे पोचली, तेव्हा
दारात चपला जमल्या होत्या.

नकाशावर नकाशा ठेवला.
साखर पेठेत अकरा फूट सरकला.
"तुमची साखळी ताणली असेल, सर."
"तुमच्या उपग्रहाला डुलकी लागली असेल."
हसलो.
पण अकरा फूट म्हणजे एक अख्खा माग
आणि मागामागे झोपायची जागा.

चहाला खाली उतरलो.
"बाबा जकार्डचे पत्ते मारायचे," ती म्हणाली.
"एकेक भोक म्हणजे चादरीवरल्या मोराचा एकेक डोळा.
मालक पत्ते कपाटात ठेवायचा,
शेजारच्यानं बघू नयेत म्हणून.
कारखाना बंद पडला. कपाट उघडलं,
तर उंदरांनी मोर खाल्ला होता."

मी बशीत फुंकर घालत राहिलो.
एकतीस वर्षं किल्ली माझ्याच कमरेला.

"एक सांग. हे सगळं जुळल्यावर
ज्याचं घर, त्यालाच नकाशा विकत घ्यावा लागेल का?"
"करारात बघावं लागेल."
"बघ."

दुपारी साखर पेठेत गेलो,
ती खांबावरचं यंत्र घेऊन, मी टेप घेऊन.
ज्या दगडावर नकाशा टेकवला होता
तो दगड शोधत.
एक म्हातारा मागावरून उठून आला.
तेलुगूत तिच्याशी बोलला, बराच वेळ,
मग माझ्याकडे बघून मराठीत:
"हद्दीचा दगड? त्यावर आम्ही कपडे धुतो की.
नळ आला तेव्हा चौघांनी उचलून इकडं आणला."
मी टेप लावला.
अकरा फूट. वर दोन बोटं.

साखळी बरोबर होती. उपग्रहही.

स्रवंतीनं फॉर्म वरून खाली वाचला.
ह्या गोष्टीला रकाना नव्हता.
तिनं समासात लिहिलं: दगड हलवला, पाण्यासाठी.
म्हाताऱ्याचं नाव विचारून घातलं.
मी खाली सही केली,
सावकाश, अक्षर अक्षर सुटं,
वाचता येईल अशी.